ताप घरी सांभाळताना: काढा, पेज, पट्ट्या आणि नोंदवही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांच्या, वीस किलो वजनाच्या मुलीला काल संध्याकाळपासून १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइट ताप आहे आणि नाक वाहते आहे. घरातल्या अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाईंनाही दोन दिवसांपासून ताप व अंगदुखी आहे. गोळ्या न देता काढा, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आणि लंघन यांवर दोघींना बरे करता येईल का, असे आपण विचारले आहे. सासूबाई गेल्या आठवड्यापर्यंत भातलावणीला जात होत्या, हे आपण जाता जाता लिहिले आहे. मला मात्र तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि त्यामुळे आपल्याला मुलीची जितकी काळजी वाटते त्याहून अधिक काळजी मला सासूबाईंची वाटते आहे.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षे आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. काढे मी रोज लिहून देते आणि स्वतःच्या घरातही वापरते. तरीही घरगुती उपायांकडून ताप उतरवण्याची अपेक्षा ठेवू नये, असे मी प्रत्येक आईला सांगत आले आहे. ताप येऊन जाईपर्यंत रुग्णाचे पाणी, बळ आणि झोप टिकवणे हे त्या उपायांचे काम आहे, आणि ते काम ते उत्तम करतात.

याचे कारण तापाच्या स्वरूपातच आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग शरीराचे तापमान एका ठरावीक पातळीवर राखतो. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशींतून निघालेल्या द्रव्यांमुळे तिथे प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे रसायन तयार होते आणि ती पातळी वर सरकते. शरीर मग स्वतःच तापू लागते, त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी होतो, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. नवी पातळी गाठली की अंग भाजू लागते, आणि पातळी पुन्हा खाली आली की घाम सुटतो. म्हणजे घाम आल्याने ताप उतरत नाही, ताप उतरू लागल्यामुळे घाम येतो. हा क्रम ध्यानात आला की दारे-खिडक्या बंद करून तीन गोधड्या पांघरवण्याचे आणि पंखा बंद ठेवण्याचे कारण उरत नाही. थंडी वाजत असेल तेवढा वेळ एक चादर जरूर द्यावी. थंडी थांबून अंग तापले की ती काढावी, सुती सैल कपडे घालावेत आणि पंखा मंद गतीवर चालू ठेवावा. ताप अंगात मुरतो या भीतीने बाळाला लोकरीची टोपी, मोजे आणि दुपटे यांत गुंडाळलेले मी दर पावसाळ्यात पाहते, आणि कपडे उतरवल्यावर अर्ध्या तासात त्याच बाळाचा पारा एखादा अंश खाली आलेलाही पाहते.

तापमान हाताच्या स्पर्शावर ठरवू नका. डिजिटल थर्मामीटर काखेत लावण्यापूर्वी काख कोरडी पुसा, टोक काखेच्या मध्यभागी येईल असे ठेवून दंड छातीशी घट्ट धरा आणि आवाज येईपर्यंत हलू नका. काखेतले माप आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरेनहाइट कमी असते. आतले तापमान १००.४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असेल तर त्याला ताप म्हणावे. सासूबाईंच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. वयस्क माणसाचे शरीर तितका ताप चढवू शकत नाही, म्हणून त्यांचा १०० चा ताप मुलीच्या १०३ च्या तापाइतका गंभीर असू शकतो.

आता पट्ट्यांविषयी. आपल्याकडे मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, कोलन वॉटरच्या पट्ट्या आणि अलीकडे फ्रीजमधल्या बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या, अशी तीन पिढ्यांची परंपरा आहे. मिठाने पट्टीचा गुण वाढत नाही. कोलन वॉटरमध्ये अल्कोहोल असते आणि लहान मुलाच्या त्वचेतून व श्वासातून ते शरीरात जाते, म्हणून ते मुलांसाठी वापरू नये. बर्फाच्या पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, कापरे भरते आणि कापऱ्याने उष्णता वाढते, त्यामुळे तेही नको. साधे किंवा किंचित कोमट पाणी घ्या, जुना मऊ पंचा भिजवून पिळा, आणि नुसत्या कपाळावर न ठेवता मान, काखा, जांघा व पाठ हळुवार पुसा. पाणी अंगावरच वाळू द्या, कारण वाळताना जी उष्णता निघून जाते तीच उपयोगी. याने तापमान थोड्या वेळापुरतेच उतरते, आतली पातळी तशीच राहते. म्हणून पुसल्याने मुलीला बरे वाटत असेल तर करा. ती रडत असेल, कुडकुडत असेल तर थांबवा. सध्याचे बालरोगतज्ज्ञही याचा आग्रह धरत नाहीत. एक अपवाद मात्र ठळकपणे सांगते. उन्हात राबून माणूस भोवळून पडला, असंबद्ध बोलू लागला आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो ताप नव्हे, तो उष्माघात. तिथे मेंदूने पातळी वाढवलेली नसते, शरीराची थंड होण्याची व्यवस्थाच कोलमडलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही आणि तिथे मात्र गार पाणी, बर्फ आणि जोराचा वारा हेच प्राण वाचवतात. अशा वेळी अंगावर पाणी ओतत ओततच रुग्णालयात न्यावे.

लंघनाविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. ज्वराच्या सुरुवातीला लंघन सांगितले आहे हे खरे, परंतु बालक, वृद्ध, गर्भवती आणि दुर्बल यांना त्यातून वगळावे हेही त्याच शास्त्राने सांगितले आहे, आणि आपल्या घरातल्या दोन्ही रुग्ण या यादीत बसतात. शिवाय लंघनाचा अर्थ जड अन्न थांबवून हलके द्यावे असा आहे. पाणी तोडावे असा अर्थ तर कुठेच नाही. तापात दर एका सेल्सिअस अंशामागे शरीराची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते, श्वासातून आणि त्वचेतून पाणी जाते. सासूबाई मधुमेहाची गोळी घेत असतील आणि जेवण बंद असेल, तर रक्तातली साखर अचानक खाली येऊन त्या घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतात. लोक ते तापाची ग्लानी समजून झोपू देतात. उलट काही जणांची साखर तापातच खूप वाढते. म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर सकाळ-संध्याकाळ साखर पाहा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मात्र उलट्या होत असतील किंवा खाणे थांबले असेल तर कोणती गोळी चालू ठेवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

पेजेबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तापातले माझे सर्वांत भरवशाचे औषध तेच आहे. एक वाटी उकडे तांदूळ धुऊन तव्यावर कोरडेच किंचित भाजा, जाडसर भरडा, त्यात आठ ते दहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवा. दाणा बोटांत चिरडेल इतका मऊ झाला आणि वरचे पाणी दुधाळ व किंचित दाट झाले की चवीपुरते मीठ, चिमूटभर जिरेपूड आणि नखभर सुंठ घाला. पहिल्या दिवशी तोंडाला चव नसेल तर नुसते वरचे निवळ द्या, दुसऱ्या दिवशी शितांसह, आणि भूक लागू लागली की मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप. या पेजेत पाणी, मीठ आणि सहज पचणारा पिष्ट पदार्थ हे तिन्ही एकत्र असतात, आणि अतिसारात जलसंजीवनी ज्या तत्त्वावर काम करते त्याच तत्त्वावर ही काम करते. मुगाचे कढण, पातळ ताक, शहाळ्याचे पाणी, कोकमाचे सार हे सर्व चालते. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसचे पाकीट लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने वाढवू नका. पाणी पुरेसे जाते आहे की नाही हे लघवी सांगते. दर सहा तासांत किमान एकदा आणि फिकट रंगाची लघवी होत असेल तर ठीक. सासूबाईंना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काढ्यांचे म्हणाल तर तुळशीची पाच-सात पाने, गवती चहाची एक पात, नखभर सुंठ आणि एखादे मिरे दोन कप पाण्यात उकळून एक कप करावे आणि दिवसातून दोनदा, कोमट, थोड्या गुळासह घ्यावे. मुलीला याचा चौथा हिस्सा पुरे. त्याने घसा मोकळा होतो, नाक सुटते आणि गरम द्रव पोटात जातो. तेवढेच त्याचे काम, आणि तेही काही कमी नाही. सासूबाईंच्या काढ्यात गूळ नको. कोरोनाच्या काळात दिवसाला पाच-सहा वेळा मिरी-दालचिनीचा काढा घेऊन तोंड आलेले आणि पित्ताने बेजार झालेले रुग्ण माझ्याकडे रांगेने येत होते, म्हणून प्रमाण पाळा. तहान फार असेल तर मी षडंगपानीय देते: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ यांची समभाग भरड दहा ग्रॅम घेऊन सुमारे ६५० मिलिलिटर पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळायची, गाळून, गार करून घोट घोट प्यायचे. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध कधीही चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. आणि सर्दी-तापात तान्ह्याच्या नाकाला किंवा छातीला कापूर चोळू नये, कापराने बाळांना झटके येतात.

आता ज्या गोष्टी नैसर्गिक म्हणून निर्धास्तपणे घेतल्या जातात त्यांविषयी. तापावर त्रिभुवनकीर्ती रसाच्या गोळ्या आपल्याकडे किराणा सामानासारख्या विकत घेतल्या जातात. त्यात शोधन केलेला असला तरी बचनाग हे विषारी मूळ आहे आणि हिंगूळ हे पाऱ्याचे खनिजही आहे. बचनागाचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. वैद्याने नाडी, वय आणि इतर औषधे पाहून द्यायचे ते औषध आहे. मुलीला आणि सासूबाईंना ते आपल्या मनाने अजिबात देऊ नका. गुळवेलीबद्दल मला आदर आहे, तरी २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने तिच्याशी असहमती दर्शवताना वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नसल्याचा मुद्दा मांडला. या वादात कोणाची बाजू घेण्यापेक्षा मी एवढेच म्हणेन की दिसायला सारख्या असणाऱ्या वेली आहेत, कुंपणावरून तोडलेली प्रत्येक वेल गुळवेल नसते, आणि यकृताचा विकार किंवा थायरॉइडसारखा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटल्याने होणारा आजार असलेल्यांनी ती स्वतःहून सुरू करू नये.

पॅरासिटामॉल न देण्याचा आपला आग्रह मी समजू शकते, परंतु त्यात तथ्य नाही. मुलगी खेळत असेल, पाणी पीत असेल, तर १०१ ला औषध दिलेच पाहिजे असे नाही, कारण औषध आकड्याला न देता त्रासाला द्यायचे असते. ती मलूल असेल, अंग दुखत असेल, झोप लागत नसेल तर मात्र द्या. प्रमाण दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोला २०० ते ३०० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार, शक्यतो सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. इथे एक चूक वारंवार होते. बाजारात सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० मिलिग्रॅमचेही. आपल्या मुलीला २५० चे असेल तर ५ मिलिलिटर, १२० चे असेल तर १० मिलिलिटर लागेल. बाटलीवरचा हा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते हे विसरू नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड या तापावरच्या औषधावर बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरीही जुन्या चिठ्ठीवरून ते घरात आढळते. काढा आणि पॅरासिटामॉल एकाच दिवशी दिल्याने काही बिघडत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात झटका येऊ शकतो. आपली मुलगी त्या वयातून बाहेर पडली आहे, तरी लहान मुले असलेल्या घरांसाठी सांगते: मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. लवकर थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर मूल डॉक्टरांना दाखवाच. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ ताप असेल तर घरी कोणताही उपाय न करता त्याला रुग्णालयात न्यावे.

आता सासूबाई. माझ्या प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी, आषाढात, पन्नाशीचा एक शेतकरी माझ्याकडे आला होता. ताप दोन दिवसांचा होता, अंग ठणकत होते, डोळे लाल होते. लावणीचे दिवस, पावसात भिजलेला माणूस, म्हणून मी काढा आणि लंघन सांगून घरी पाठवले. त्याच्या पोटऱ्यांना मी हात लावून पाहिले नाही. पाचव्या दिवशी त्याला बैलगाडीतून आणले, तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग हळदीत बुडवल्यासारखा झाला होता, लघवी जवळजवळ थांबली होती आणि पोटरीवर बोट टेकताच तो ओरडला. तो लेप्टोस्पायरोसिस होता. जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसनंतर तो वाचला, आणि त्यानंतर चिखलात काम केलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाच्या पोटऱ्या मी आधी दाबून पाहते.

हा जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात येतो, पायाच्या भेगांतून व जखमांतून शरीरात शिरतो आणि साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप आणतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याची साथ आली होती. सुरुवातीच्या दिवसांत साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. यकृत आणि मूत्रपिंडे बिघडल्यावर उपचार अवघड होतात, आणि मधुमेही माणसाला तर थांबायला वेळच नसतो. माझ्या ओळखीतली कोणतीही वनस्पती हा जंतू मारत नाही, हे मी आयुर्वेदाची चिकित्सक म्हणूनच सांगते आहे. याच दिवसांत हिवताप आणि डेंग्यूही असतात. हिवतापाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. डेंग्यूची शंका असेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो, पॅरासिटामॉल चालते. डेंग्यूत खरा धोका ताप उतरू लागल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. घरचे लोक ताप गेला म्हणून निश्चिंत होतात आणि त्याच वेळी पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, हातपाय गार पडतात. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून त्या काळात कोणी घरी थांबू नये.

तेव्हा आज रात्री एक वही करा. दोघींची दोन पाने, त्यावर वेळ, तापमान, काय प्यायले, किती वेळा लघवी झाली आणि कोणते औषध किती दिले एवढे लिहा. मुलीला पेज, कढण, थोडा काढा आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल द्या. ताप तीन दिवसांपलीकडे गेला, श्वास भराभर चालू लागला, अंगावर लाल-जांभळे ठिपके आले, मान ताठली किंवा ती पाणी घेईनाशी झाली तर लगेच दाखवा. सासूबाईंच्या पोटऱ्या आत्ताच हलक्या हाताने दाबून पाहा, डोळे उजेडात पाहा, आणि यात काही आढळले नाही तरीही उद्या सकाळी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. त्या लावणीला गेल्या होत्या हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच पहिल्या वाक्यात सांगा, वही सोबत ठेवा. रात्रीतच त्या असंबद्ध बोलू लागल्या, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर मात्र सकाळची वाट पाहू नका.